पार्सलमधून एक नग कमी निघाला तर : काय तपासावं, काय द्यावं, कुणाकडून वसूल करावं

प्रश्न थोडक्यात असा : सात नगांचा पितळी पूजासंच कोल्हापुरातून बेंगळुरूला पाठवला. ग्राहक म्हणतात, घंटा नव्हती. कुरिअरवाले म्हणतात, खोका सीलबंद पोचवला. पॅकिंगचा व्हिडिओ नाही. ग्राहक सगळे पैसे परत मागताहेत. द्यावेत का?

सगळे पैसे देऊ नका, घंटा पाठवा. पण पाठवण्याआधी ग्राहकाकडून काही फोटो मागवा आणि कुरिअरला एक ई-मेल करा. ही दोन्ही कामं आजच व्हायला हवीत, कारण उद्या-परवा खोका कचऱ्यात जाईल आणि हबवरच्या, म्हणजे कुरिअरच्या पार्सल-छाटणी केंद्रावरच्या, कॅमेऱ्याचं चित्रण काही आठवड्यांत पुसलं जातं.

अशा तक्रारीत पहिला विचार येतो तो "ग्राहक खोटं बोलतोय का" हा. तो शेवटी करायचा. नग नेमका कुठे कमी झाला, हे आधी शोधायचं. जागा मोजक्याच असतात आणि त्यांचा क्रमही बराचसा ठरलेला असतो.

पहिली जागा म्हणजे तुमचं लिस्टिंग, म्हणजे वेबसाइटवरचं मालाचं पान. फोटोत संच लाल कापडावर, चौरंगावर मांडलेला असतो, शेजारी फुलं आणि एक जास्तीचं ताम्हण. ग्राहकाला वाटतं, दिसतं ते सगळं मिळणार. "नग मिळाला नाही" म्हणून आलेली तक्रार इथे मुळात चुकीच्या वर्णनाची असते आणि अशा वादात विक्रेता हरतो. संचात काय आहे ते नावानिशी आणि नगसंख्येसह लिहा, आणि शेवटच्या फोटोत फक्त तेवढेच नग, मोकळ्या पांढऱ्या पार्श्वभूमीवर दाखवा.

दुसरी जागा पॅकिंगचं टेबल. दिवाळीच्या आधी, दोन-तीन ऑर्डरी एकाच वेळी टेबलावर असताना एका खोक्यात दोन घंटा जातात आणि दुसऱ्यात एकही नाही. म्हणून त्या दिवशी पॅक झालेल्या बाकीच्या ऑर्डरी आणि शिल्लक माल आधी मोजा. एक घंटा जास्त निघाली तर वाद तिथेच मिटला. जास्त मिळालेला ग्राहक आपणहून सहसा फोन करत नाही, पण शिल्लक मोजली की फरक कळतो.

तिसरी जागा ग्राहकाचं घर. उदबत्तीचं घर किंवा पळीसारखा लहान नग बबल रॅपच्या गुंडाळीत राहतो आणि भरावासकट कचऱ्यात जातो. किंवा खोका घरातल्या दुसऱ्याच कुणी उघडलेला असतो. चौथी वाटेवरची : खोका आतून फुटतो आणि नग बाहेर पडतो, किंवा कुणीतरी तळाचा टेप कापून काढून घेतो. ऑर्डर दोन खोक्यांत गेली असेल तर दुसरा खोका अजून पोचायचा असणं हीही शक्यता असते. ट्रॅकिंग नंबर दोन आहेत का, ते आधी पाहा. खोटी तक्रार या सगळ्यानंतर येते.

ग्राहकाला पाठवायचा मजकूर साधारण असा, अर्थात ग्राहकाला कळेल त्या भाषेत :

"नमस्कार. आपल्या संचातली घंटा मिळाली नाही याबद्दल दिलगीर आहोत. ती पोचती करणं ही आमची जबाबदारी आहे. कुरिअरकडे तक्रार नोंदवण्यासाठी कृपया हे फोटो पाठवा : खोक्याच्या सहाही बाजू, पत्त्याचं लेबल, टेप जिथे कापला ती जागा, आतला भराव, आणि मिळालेले सगळे नग एकत्र ठेवून. भरावातली प्रत्येक गुंडाळी एकदा उलगडून पाहा. खोका आणि भराव चार-पाच दिवस टाकू नका. उद्या संध्याकाळपर्यंत आम्ही पुढचं कळवतो."

"आमची जबाबदारी" हे शब्द पहिल्या दोन-तीन वाक्यांत आले की ग्राहक भांडायचं सोडून फोटो काढायला लागतो. गुंडाळी उलगडायला सांगितल्यावर काही घंटा तिथेच सापडतात. "तुम्ही नीट पाहिलं का?" असं विचारलं तर तोच ग्राहक चिडतो, आणि नंतर नग सापडला तरी मान खाली घालायची वेळ नको म्हणून सांगत नाही. "कुरिअरला विचारा" हे तर लिहूच नका. कुरिअरचा करार तुमच्याशी आहे. ग्राहकाच्या तक्रारीवर ते सहसा भरपाई देत नाहीत.

फोटो आले की आधी टेप पाहा. तुमचा छापील टेप असेल आणि त्यावर साध्या तपकिरी टेपचा पट्टा दिसत असेल, तर खोका वाटेत उघडला गेला आहे. असा टेप दोन कारणांनी लागतो : हबवर फुटलेला खोका कर्मचाऱ्यांनी रीतसर बांधला, किंवा चोरी लपवली. पहिल्या प्रकारात ट्रॅकिंगमध्ये बहुधा नुकसानीची किंवा पुन्हा पॅक केल्याची नोंद असते, दुसऱ्यात नसते. वरचं तोंड शाबूत आणि तळाच्या जोडावर सुरीची सरळ रेघ असेल तर चोरीचा संशय घ्यायला जागा आहे. कोपरा चेपून फाटला असेल आणि भोक नगाएवढं असेल तर जड नगानं आतून वाट काढली. प्लास्टिकच्या कुरिअर पिशवीत चिकटपट्टीकडे सगळे बघतात. कापतात ती बहुधा बाजूची वेल्ड केलेली शिवण. फोटो मागताना तीही मागा. एका लेबलवर दुसरं लेबल असेल तर खालच्याचा नंबर वाचण्याचा प्रयत्न करा, कारण मधे पार्सल बदललं गेलं असू शकतं.

आता वजन. पितळेच्या धंद्यात हा सर्वांत भक्कम साक्षीदार आहे आणि बहुतेक विक्रेते त्याला बोलावतच नाहीत. समजा पूर्ण संचाचं पॅक केलेलं वजन २,६४० ग्रॅम आणि घंटा २१० ग्रॅमची. घंटा नसेल तर खोका २,४३० ग्रॅमचा. मोठ्या हबवर पट्ट्यावरून जाणाऱ्या खोक्याचं वजन, मापं आणि बऱ्याचदा फोटोही यंत्र टिपतं. तिथे पहिल्याच हबवर २,४३० नोंदलं असेल तर घंटा बहुधा तुमच्या टेबलावरच राहिली. पहिल्या हबवर २,६४० आणि शेवटच्या हबवर २,४३० असेल तर ती कुरिअरच्या ताब्यात गेली, आणि हा कागद हातात असताना त्यांना "सीलबंद पोचवलं" म्हणून सुटता येत नाही. दोन्हीकडे २,६४० असेल तर शेवटच्या हबनंतरचे टप्पे उरतात : डिलिव्हरी बॉय आणि ग्राहकाचं घर.

इथे तीन गोष्टींत फसगत होते. कुरिअरच्या बिलावरचं वजन म्हणजे मोजलेलं वजन नव्हे. बिल ५०० ग्रॅमच्या टप्प्यानं वर नेलेलं असतं, शिवाय तुम्ही जाहीर केलेलं वजनच अनेकदा तसंच बिलात येतं. म्हणून "बिल नको, स्कॅनमध्ये मोजलेलं वजन द्या" असं स्पष्ट मागा. दुसरं, आकारमानाचं वजन. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून सामान्यतः ५,००० नं भागतात. २८ × २२ × १६ चा खोका १.९७ किलो भरतो, म्हणजे पितळेच्या खऱ्या वजनाहून कमी. तेव्हा खरं वजनच मोजलं जातं. पण कपड्यांच्या किंवा खेळण्यांच्या मोठ्या हलक्या खोक्यात बिल आकारमानावर लागतं आणि आतला नग गेला तरी आकडा हलत नाही. तिसरं, पावसाळा. खोक्याचा पुठ्ठा दमट हवेत पाणी ओढतो. तीनशे ग्रॅमचा खोका सहज पंधरा-वीस ग्रॅमनं जड होतो. त्यात हबवरच्या यंत्राची ढिलाई मिळवली तर पन्नास ग्रॅमच्या आतला फरक पुरावा म्हणून मांडू नये. साजाच्या किंवा ठुशीच्या पार्सलमध्ये दहा ग्रॅमचं कानातलं कमी आहे का, हे वजन सांगणार नाही. तिथे व्हिडिओच लागतो.

कुरिअरच्या ई-मेलमध्ये मागायच्या गोष्टी : प्रत्येक हबवर नोंदलेलं वजन आणि फोटो, पार्सल ज्या बॅगेतून गेलं तिचा आणि तिच्या सीलचा नंबर, वाटेत नुकसानीची नोंद झाली का, पोचपावतीवर शेरा आहे का, आणि संबंधित हबांचं कॅमेरा चित्रण राखून ठेवण्याची लेखी विनंती. सोबत बिल, गेलेल्या नगाची किंमत आणि वजन, ग्राहकाचे फोटो. फोनवर तक्रार केली तरी ई-मेल कराच. कराराच्या अटींत दाव्याची मुदत बहुधा काही दिवसांचीच असते; ती डिलिव्हरीपासून की बुकिंगपासून, ते वाचून ठेवा. कुरिअर अ‍ॅग्रिगेटरमार्फत, म्हणजे अनेक कुरिअर कंपन्यांची सेवा एका जागी विकणाऱ्या मध्यस्थामार्फत, पाठवलं असेल तर दावा त्यांच्या पॅनलवरूनच टाकावा लागतो. रस्त्यानं माल नेणाऱ्यांसाठी 'रस्ता वाहतूक अधिनियम, २००७' आहे. त्याच्या कलम १६ नुसार दावा दाखल करण्याआधी, आणि बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत, वाहतूकदाराला लेखी नोटीस गेली पाहिजे. महागडा माल असेल तर ही तारीख भिंतीवर लिहून ठेवा.

खरं सांगायचं तर घंटेएवढ्या रकमेसाठी कुरिअरकडून मिळणारी भरपाई किरकोळ असते. पावतीच्या मागे दायित्वाची कमाल मर्यादा छापलेली असते, आणि जाहीर किमतीचा विमा उतरवला नसेल तर ते तिच्यावर बोट ठेवतात. टपालातही विमा नसेल तर भरपाई मालाच्या किमतीपेक्षा टपालशुल्काच्या हिशेबानं ठरते. विमा घेताना एक ओळ शोधा : पूर्ण पार्सल हरवलं तरच भरपाई, की आतला काही भाग गेला तरी? पुष्कळ स्वस्त योजनांत दुसरा प्रकार वगळलेला असतो. मग तरी तक्रार का करायची? कारण त्याच हबवरच्या पाचव्या तक्रारीला पहिल्या चार लेखी तक्रारींनी वजन येतं. रक्कम मोठी असेल तर पोलीस तक्रारही द्या. माल पोचवण्यासाठी ताब्यात घेऊन वाहतूकदारानंच तो लाटला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६(३) खाली तो गुन्हा आहे, आणि चोरीचा दावा असेल तर विमा कंपनी पोलिसांचा कागद मागते.

ग्राहकाच्या बाजूनं कायदा काय म्हणतो, हेही समजून घ्या, कारण "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही पाटी ऑनलाइनही चिकटवणारे कमी नाहीत. मार्केटप्लेसवरच्या, म्हणजे अ‍ॅमेझॉन-फ्लिपकार्टसारख्या साइटवरच्या, विक्रेत्याला ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० लागू आहेत. सदोष, कमी भरलेला किंवा जाहिरातीप्रमाणे नसलेला माल परत घेण्यास किंवा पैसे परत देण्यास नकार देता येत नाही. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एक महिन्यात करायचं आहे. "अनबॉक्सिंग व्हिडिओ नसेल तर तक्रार ऐकणार नाही" ही अट म्हणूनच कच्ची आहे. व्हिडिओ मागा, त्याची विनंती खोक्यावर छापा, पण तो नाही एवढ्या एका कारणावर नकार देऊ नका. ग्राहक १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर जाऊ शकतो आणि आपल्या राहत्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करू शकतो. दोन-तीनशे रुपयांच्या घंटेसाठी बेंगळुरूत वकील उभा करायचा का, हा हिशेब तुमचा तुम्ही करा.

हिशेबच करायचा तर असा : नगाची तुमची खरेदी किंमत अधिक तो पाठवण्याचा खर्च एका बाजूला, पूर्ण संच परत मागवण्याचं भाडं, पुन्हा पॅकिंग, वाईट रिव्ह्यू आणि तुमचा दिवस दुसऱ्या बाजूला. लहान नगात पहिली बाजू जवळजवळ नेहमीच स्वस्त पडते. म्हणून त्या ग्राहकाची पहिली तक्रार असेल, नग छोटा असेल आणि तुमच्याकडे ठोस पुरावा नसेल, तर वाद न घालता पाठवा. नग शिल्लक नसेल तर त्याच्या किमतीएवढा परतावा द्या, तोही मूळ पैसे जिथून आले तिथेच. कॅश ऑन डिलिव्हरी असेल तर ऑर्डरवरच्याच मोबाइल नंबरशी जोडलेल्या खात्यावर. मार्केटप्लेसच्या ऑर्डरीचा परतावा बाहेरून यूपीआयनं कधीच देऊ नका. प्लॅटफॉर्मवर त्याची नोंद नसते, ग्राहक तिथूनही परतावा घेऊ शकतो आणि तुमच्याकडून दोनदा पैसे जातात.

नाही म्हणायची वेळही येते. अखंड व्हिडिओ आहे, शेवटच्या हबवरचं वजन जुळतं, फोटोंत टेप मूळचाच आहे, नग महाग आहे आणि ग्राहक बाकीचे फोटो द्यायला टाळाटाळ करतोय, अशा पाचही गोष्टी जुळल्या तर सौम्य शब्दांत, पुरावा जोडून नकार द्या. "चोर", "फ्रॉड" असले शब्द लेखी कुठेही नकोत. "आमच्या नोंदींनुसार नग पार्सलमध्ये होता, सोबत व्हिडिओ आणि वजनाची नोंद देत आहोत" एवढं पुरतं. यानंतर ग्राहक बँकेकडे गेला तर कार्डाचा चार्जबॅक येतो, म्हणजे बँक ते पैसे तुमच्याकडून परत मागते. व्हिसा कार्डांच्या यादीत माल न मिळाल्याचा कोड १३.१ आणि वर्णनाप्रमाणे नसल्याचा १३.३. उत्तर लिहिण्याआधी कोड पाहा. १३.३ ला नुसती पोचपावती जोडली तर ती निरुपयोगी, कारण पार्सल पोचलं हे ग्राहकालाही मान्य आहे. तिथे आत काय होतं तेच दाखवावं लागतं. पेमेंट गेटवे उत्तराला मोजकेच दिवस देतो, आणि मुदत टळली की दावा आपोआप हरतो.

मार्केटप्लेसवर ग्राहकाला परतावा प्लॅटफॉर्म परस्पर देतो आणि रक्कम तुमच्या खात्यातून कापतो. ती परत मिळवायची वाट वेगळी : अ‍ॅमेझॉनवर सेफ-टी क्लेम, फ्लिपकार्टवर एसपीएफ (सेलर प्रोटेक्शन फंड). मुदती आणि लागणारे फोटो वरचेवर बदलतात, म्हणून दावा टाकण्याच्या दिवशी पॅनलवरचा नियम वाचा. माल प्लॅटफॉर्मच्या गोदामातून पॅक होऊन गेला असेल तर पॅकिंगच्या चुकीचं खापर तुमच्यावर येऊ देऊ नका. ते आधी स्पष्ट लिहा.

आता पुढच्या पार्सलांसाठी. व्हिडिओ एकसलग हवा, मधे कट नको. सुरुवातीला लेबल वाचता येईल इतकं जवळून, मग एकेक नग कॅमेऱ्यासमोर मोजत खोक्यात, भराव, बंद करणं, लेबल चिकटवणं, शेवटी लेबलसकट खोका काट्यावर आणि काट्याचा आकडा. कॅमेरा टेबलाच्या वर स्टँडवर. हातात धरलेल्या फोनचा व्हिडिओ नेमक्या क्षणी छताकडे वळतो. ७२०पी पुरे. फाइलला ट्रॅकिंग नंबरचंच नाव द्या, नाहीतर तीन महिन्यांनी ती सापडत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरलेली प्रत दाबलेली असते. मूळ फाइल वेगळी जपा. साध्या मालासाठी सहा महिने ठेवा, महागड्यासाठी दोन वर्षं, कारण ग्राहक आयोगात तक्रारीची मुदत तेवढी आहे. प्रकरण कोर्टकचेरीत गेलं तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलची हॅश किंमत, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा सांकेतिक आकडा, भरायची असते. मूळ फाइल नसेल तर तिथे अडचण होते.

काटा एक ग्रॅम अचूकतेचा, दहा किलोपर्यंतचा घ्या. प्रत्येक संचाचं पूर्ण पॅक वजन एकदा ठरवून टेबलासमोर लावा. पॅक करणाऱ्यानं खोका बंद केल्यावर वजन त्या आकड्याच्या तीस ग्रॅम आत आलं नाही तर लेबल लावायचं नाही. फक्त सर्वांत हलका नग तीस ग्रॅमहून जड हवा. नसेल तर मर्यादा आणखी कमी करा. एवढ्या एका नियमानं टेबलावरच्या चुका जवळजवळ संपतात, आणि त्याला कॅमेराही लागत नाही.

पितळेला थ्री-प्लाय, म्हणजे तीन थरांचा, खोका चालत नाही, फाइव्ह-प्लाय घ्या. खोका हलवल्यावर आत काही सरकत असेल तर ते वाटेत आपटत राहणार आणि कोपरा फोडणार. जोडावर आणि दोन्ही कडांवर, म्हणजे इंग्रजी एच अक्षरासारखा, ४८ मिलिमीटरचा टेप लावा, वर आणि खाली दोन्हीकडे. तळाला लावायचा पुष्कळजण विसरतात. धुळकट पुठ्ठ्यावर टेप धरत नाही. आधी फडकं मारा. टेपवर दुकानाचं नाव छापून घ्या, म्हणजे वर लावलेला परका टेप फोटोत लगेच ओळखू येतो. लहान नग सुटे टाकू नका. सगळे एका पिशवीत, आणि ती पिशवी तांब्याला बांधलेली. झाकणाच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरांत चिठ्ठी : "या खोक्यात ७ नग आहेत", खाली नावं. खोक्याबाहेर मात्र आत काय आहे ते लिहू नका.

परत आलेल्या मालातही हाच खेळ उलटा होतो : संच गेला सातचा, आला पाचचा. परतीचं पार्सल सही करण्याआधी काट्यावर ठेवा. वजन कमी असेल किंवा टेप बदललेला दिसला तर पोचपावतीवर तसा शेरा लिहा, आणि शेऱ्यावर सही करू देत नसतील तर शक्य असेल तिथे पार्सल नाकारा. उघडताना पुन्हा एकसलग व्हिडिओ, आणि दावा त्याच दिवशी. ग्राहकानं परत केलेला माल आणि न पोचता परत आलेला माल यांचे दावे वेगवेगळ्या गटांत पडतात. चुकीच्या गटात टाकलेला दावा थेट फेटाळला जातो.

एक वही किंवा एक्सेल ठेवा : तारीख, पिनकोड, कुरिअर, पॅक करणाऱ्याचं नाव, गेलेला नग, निकाल. एकेका तक्रारीत सत्य क्वचितच हाती लागतं, वही चाळताना ते दिसतं. वेगवेगळ्या ग्राहकांच्या तक्रारी एकाच पिनकोडच्या असतील तर डिलिव्हरीच्या टोकाला गळती आहे; त्या भागासाठी कुरिअर बदला. एकाच माणसाच्या पॅकिंगच्या असतील तर टेबल बघा. नेहमी पळीच जात असेल तर ती बांधायची पद्धत चुकते आहे. आणि तोच मोबाइल नंबर तिसऱ्यांदा आला तर त्याला पुढचा माल फक्त आगाऊ पैसे घेऊन आणि शक्य तिथे ओपन बॉक्स डिलिव्हरीनं, म्हणजे खोका ग्राहकासमोर उघडून.

जीएसटी नोंदणी असेल तर हिशेबाच्या दोन गोष्टी राहतात. गेलेल्या नगाची किंमत परत केली तर त्या बिलाचा संदर्भ देऊन क्रेडिट नोट, म्हणजे बिलाची रक्कम कमी करणारा कागद, काढा. करात वजावट हवी असेल तर ती पुढच्या आर्थिक वर्षातल्या ३० नोव्हेंबरपर्यंत, किंवा वार्षिक विवरणपत्र त्याआधी भरलं तर तोवरच, दाखवता येते. घंटा फुकट पुन्हा पाठवलीत तर मूळ बिलाचा नंबर लिहिलेलं डिलिव्हरी चलन सोबत द्या, आणि वाटेत चोरीला गेलेल्या घंटेवर घेतलेलं इनपुट टॅक्स क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) सीजीएसटी कायद्याच्या कलम १७(५)(एच) प्रमाणे उलटवा. लेखापरीक्षणात शिल्लक नग आणि बिलं जुळत नाहीत, तेव्हा हाच फरक विचारला जातो.